उजवीकडे तीन, डावीकडे पाच

वहिनीनं गोणपाटात गुंडाळलेलं ओझं दुकानाच्या फळीवर ठेवलं, तेव्हा मिस्त्री एका पंपाचं पोट उघडून बसला होता. त्यानं मान वर केली आणि हातातला पाना हातातच राहिला. सोळा वर्षांत वहिनी या दारात आली नव्हती. रस्त्यात गाठ पडलीच तर ती "बरं आहे ना?" विचारायची, हा "बरं आहे" म्हणायचा, आणि दोघंही आपापल्या चपलांकडे बघत पुढे सरकायचे. दीर-भावजयीचं बोलणं इतक्यावर आलं होतं.

"भाऊजी, हे चालू करायचंय," वहिनी म्हणाली.

आत काय आहे ते त्याला सुतळी सोडायच्या आधीच कळलं. फळीवर वजन टेकल्याचा तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. तरी त्यानं गाठ सोडली. आत दादाची चेनसॉ होती. रंग उडालेला, पत्र्याला पोचे आलेले, मुठीवर सायकलच्या ट्यूबचं रबर घट्ट गुंडाळलेलं. ते रबर दादानंच गुंडाळलं होतं, आणि त्याचं टोक दातानं ओढताना त्याचा ओठ फाटला होता, हेही मिस्त्रीला आठवलं. माणसाला नको ते बरोबर आठवतं.

"ही मशीन मी घेत नाही," तो म्हणाला. "कुठलीच चेनसॉ घेत नाही. पुलापलीकडच्या दुकानात द्या."

"सगळ्या मशीन उघडता आणि ही तेवढी नाही?"

"नाही."

वहिनी गेली नाही. तिनं स्टूल ओढलं आणि बसली. "घरामागचं झाड वाळलंय. आईंच्या खोलीवर कललंय. एखाद्या वाऱ्याला छपरावर येईल. आई खोली सोडायला तयार नाहीत, आणि डॉक्टर म्हणालेत आता फार दिवस नाहीत. झाड पाडायचंय, भाऊजी. याच मशीननं पाडायचंय. का ते आत्ता विचारू नका."

मग तिनं पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. झाकण घट्ट, वरून कापड बांधलेलं. "यात चेन आहे. टाकून देऊ नका, नवीन घालू नका. आधी नीट बघा," ती म्हणाली, आणि उठून चालू लागली. पाठमोरी झाल्यावर पुन्हा म्हणाली, "नीट बघा."

आता एवढ्या एका मशीनचं या माणसाला काय वावडं होतं, ते सांगायला हवं.

हा मिस्त्री मूळचा मिस्त्री नव्हे. दोघे भाऊ झाडं पाडायचे. वाळलेली, कललेली, कुणाच्या भिंतीला धडका देणारी. थोरला मशीन चालवायचा, धाकटा दोर सांभाळायचा. थोरल्याच्या नाकावर माशी बसायची नाही, पण कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चेनला धार लावायचं काम तर तो दुसऱ्या कुणाला करूच द्यायचा नाही. या चेनला एक दात उजवा, एक डावा, असे पाळीपाळीनं दात असतात. गोल कानस घेऊन प्रत्येक दात घासावा लागतो, आणि दोन्ही बाजूंचे दात सारखे राहावे लागतात. एका बाजूचे लांब राहिले तर मशीन तिकडे ओढते आणि काप वाकडा जातो. थोरला उजव्या हाताचा. उजव्या दातांवर त्याचा हात जड पडायचा, डावीकडे मनगट अवघडून कानस हलकी चालायची. म्हणून त्यानं स्वतःपुरता एक हिशेब बसवला होता. उजवीकडे तीन हात, डावीकडे पाच. रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून तो ते मोठ्यानं मोजायचा. घरातल्या सगळ्यांना त्याचा कंटाळा आला होता आणि सगळ्यांना ते पाठ होतं. सकाळी निघताना धाकट्यानं विचारायचं, "धार?" आणि यानं छाती काढून म्हणायचं, "लावली मी. दाढी करून घे."

मग एकदा थोरल्याच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. अंगठा सुजून तट्ट. कप धरवेना, मशीन कुठली धरवते? आठ-दहा दिवस कामं मागं पडली असती, म्हणून दोघांनी जागा बदलल्या. धाकटा मशीनवर, थोरला दोरावर. चार दिवस फांद्या आणि लहान झाडं झाली. पाचव्या दिवशी एक मोठं झाड होतं.

झाड ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच घेतात. मग उलट्या बाजूनं मागचा काप. दोन्हींच्या मधे लाकडाची एक पट्टी राखायची असते, तिला हे लोक बिजागरी म्हणतात. तिच्यावर झाड दारासारखं सावकाश वळून आडवं होतं. त्या दिवशी मागचा काप सरळ जायच्या ऐवजी खाली उतरत गेला आणि बिजागरीचं एक टोक कापलं गेलं. झाड गर्रकन फिरलं. थोरला दोर धरून उभा होता.

दवाखान्यात तो दोन तास जगला. शुद्धीवर होता, बोलत होता, असं नर्स म्हणाली. आत फक्त आई होती. ती बाहेर आली ती तोंडाला कुलूप लावूनच. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या धाकट्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि मान फिरवली. ती आजतागायत फिरलेलीच होती. दादानं आत काय सांगितलं असेल ते धाकट्यानं स्वतःच ठरवून टाकलं: यानं मारलं मला. दुसरं काय सांगणार? पंधरा दिवसांनी त्यानं घर सोडलं, लग्न झालं तेही वेगळ्या घरात झालं, आणि झाडं पाडणाऱ्या माणसानं पंप, फवारे आणि गवत कापायच्या मशीन दुरुस्त करायला घेतल्या. आईची औषधं बायकोच्या हाती पाठवायची, फाटकापर्यंत जाऊन परत यायचं, असं चाललं होतं. आईनं मरायच्या आधी एकदा आपल्याला हाक मारावी, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्यानं कुणाला बोलून दाखवली नव्हती, आणि बायकोला न सांगताच ठाऊक होती.

दुपारी बायको जेवणाचा डबा घेऊन आली. फळीवर मशीन पाहिली, डबा ठेवला आणि एक अक्षर न बोलता परत गेली. त्यांच्या संसारात ही गोष्ट पहिल्यांदाच घडत होती.

तो दिवस त्यानं मशीनला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पंपवाल्याचा पंप वेळेआधी देऊन टाकला, फळी स्वच्छ पुसली आणि स्क्रू काढायला बसला.

एकदा उघडल्यावर मात्र हात आपले आपण चालू लागले. पत्र्याखाली लाकडाचा भुसा तेलात भिजून काळा, दगडासारखा बसला होता. तो त्यानं खरवडून कागदावर काढला. त्या भुशात शेवटच्या झाडाचाही भुसा असणार, हे डोक्यात आलं आणि तो थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला. टाकीतलं पेट्रोल आटून तळाशी चिकट थर उरला होता. पेट्रोलची नळी बोटाच्या चिमटीत भुगा झाली. कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा कडक होऊन वाकडा झाला होता. प्लग काळाठिक्कर. मशीन चालू करायची दोरी कुजलेली, पण तिच्या आतली स्प्रिंग शाबूत, ती त्यानं जपून गुंडाळून ठेवली, कारण ही स्प्रिंग सुटली की माणसाचा चेहरा बघत नाही. धुराड्याचं झाकण काढून त्यानं आत बॅटरी मारली. पिस्टनवर उभे ओरखडे नव्हते. फक्त रिंग चिकटली होती.

"म्हातारी अजून खणखणीत आहे," तो आपल्याशीच बोलला, आणि आपण या मशीनशी लाडानं बोललो याचा त्याला राग आला.

तीन दिवस गेले. रिंग रॉकेलमध्ये भिजवून सोडवली. नळी नवीन, पडदा नवीन, प्लग नवीन, दोरी नवीन. चुंबकाचा गंज बारीक कागदानं काढला आणि त्याच्या आणि कॉइलच्या मधलं अंतर एका जुन्या व्हिजिटिंग कार्डाची जाडी धरून लावलं. चेन ज्या पट्टीवर फिरते तिला तेल सोडणारं बारीक भोक बुजलं होतं, ते तारेनं मोकळं केलं. पट्टीची एक कड दुसरीपेक्षा जास्त घासली होती. ती त्यानं समपातळीत आणली आणि पट्टी उलटी करून बसवली. मुठीवरचं रबर मात्र काढलं नाही. ते फक्त पुसलं.

चेनचा डबा त्यानं शेवटी उघडला. इतके दिवस तो डबा त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि दर वेळी त्याला दुसरं काही काम आठवत होतं.

डब्यात तेल होतं. तेलात बुडालेली चेन, कापडात गुंडाळलेली, गंजाचा ठिपका नाही. मशीन सोळा वर्षं गोणपाटात कुजली आणि चेन मात्र अशी सांभाळलेली. तेल जुनंही नव्हतं. कुणीतरी ते दर वर्षी बदलत आलं होतं. मिस्त्रीनं चेन पुसली, शिकंज्यात धरली आणि भिंग डोळ्याला लावलं.

कानसीच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. दादाच्या हाताची रेघ त्याला अंधारातही ओळखता आली असती: लांब, एका दमाची, शेवटी हलकी उचललेली. या रेघा तशा नव्हत्या. या आखूड होत्या, घट्ट दाबून मारलेल्या, जिवापाड मन लावून. त्यानं व्हर्नियर घेतला आणि एकेक दात मोजायला सुरुवात केली. उजवीकडचे दात साडेसात मिलिमीटर. डावीकडचे सहा. त्यानं पुन्हा मोजले. मशीन आडवी धरली की उजवी बाजू खाली येते, आणि मशीन लांब दातांकडे ओढते. काप खाली उतरत गेला होता.

आपण नाही, हे पहिलं वाक्य त्याच्या मनात उमटलं, आणि त्याला हसावं की रडावं कळेना. धार चुकली होती. दादाची धार! पण दादाच्या हातून चूक झाली असती तरी ती उलटी झाली असती. त्याचा जोर उजवीकडे, त्याचे उजवे दात आखूड व्हायचे. इथे डावे झिजले होते. ज्याचा जोर डावीकडे पडतो अशा हातानं ही चेन घासली होती, आणि त्यातही डावीकडे जास्त हात मारले होते.

वहिनी डावखुरी होती. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या बायकांनी त्यावरून तिला कमी छळलं नव्हतं.

उजवीकडे तीन, डावीकडे पाच. तिनं नवऱ्याचा हिशेब इमानदारीनं पाळला होता. तो हिशेब उजव्या हातासाठी होता, तिच्या हातानं तोच दुप्पट चुकीचा झाला.

मग त्याला ती पाच सकाळी आठवली. "धार?" असं त्यानं रोजच्यासारखं विचारलं होतं. दादानं रोजच्यासारखं "लावली मी" म्हटलं नव्हतं. "लावलेली आहे," असं म्हणाला होता. पाची दिवस. खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, म्हणून असं अधांतरी वाक्य. बायकोनं कानस घेतली हे धाकट्याला कळलं तर तो चिडवून चिडवून पुरेवाट करील, हे दादाला माहीत होतं. आणि त्यानं चिडवलं असतंच, यात शंका नाही.

वहिनी चौथ्या दिवशी आली. मिस्त्रीनं रात्रभर एक वाक्य तयार करून ठेवलं होतं.

"मशीन झाली. चेन मात्र कामातून गेलीय. नवीन घालतो."

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. पूर्वीही येत नव्हतं."

त्यानं व्हर्नियर फळीवर तिच्यासमोर ठेवला.

"त्यांना अंगठ्यानं झोप नव्हती. मी म्हटलं, मी लावते, त्यात काय एवढं, रोज तर ऐकते मी. ते आधी हसले. मग चेन हातात दिली. पाचही संध्याकाळी मीच लावली. शेवटच्या दिवशी मोठं झाड आहे म्हणून जरा जास्त जोर दिला." तिचा आवाज सपाट होता, कितीदा तरी मनात म्हणून झाल्यासारखा. "दोन वर्षांनी एका माळ्याला कात्रीला धार लावताना बघितलं. तो डावखुरा होता. त्याचं सगळं उलटं होतं. तिथंच उभ्या उभ्या मला कळलं. घरी येऊन चेन काढली आणि डब्यात ठेवली."

"दोन वर्षांनी," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे चौदा वर्षं माहीत होतं."

"हो."

"चौदा वर्षं मी फाटकातून परत जात होतो, वहिनी. तुम्ही खिडकीतून बघत होता."

"हो."

त्याला राग आला, आणि तो असा आला की त्यानं हातातली कानस फळीवर आपटली. मशीन दाणकन हलली. वहिनी जागची हलली नाही. तिला बोलणी खायची होती. त्यासाठीच ती आली होती, हे त्याला दिसलं आणि त्यानं आपटलेली कानस उचलून सरळ ठेवली.

"भीती वाटली," ती म्हणाली. "पदरात पोर होतं. या घरातून निघाले तर जायचं कुठं? आज सांगते, उद्या सांगते म्हणत राहिले. आता आई जायला निघाल्यात. आज मी त्यांना सांगणार आहे. तुम्ही चला माझ्याबरोबर. चेन घ्या, दाखवू त्यांना."

मिस्त्री स्टुलावर बसला. सोळा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी तो झुरला होता, ती आता कुणीतरी ताटात वाढून समोर ठेवली होती. फक्त उठून चालायचं होतं. आई त्याला हाक मारणार होती. त्यानं पाय उचलूनही पाहिला. मग त्याची नजर मुठीवरच्या रबराकडे गेली आणि त्याला आपले हात दिसले.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मशीन ओढतेय ते. पहिल्या दिवसापासून. आधी किंचित, मग जास्त. त्या दिवशी तर खाच घेतानाच हातांना कळलं की ही खाली पळतेय. मशीन धरणाऱ्याला कळतंच, वहिनी. थांबून चेन बघायला हवी होती. पण थांबलो असतो तर दादा म्हणाला असता, लागले नखरे, आमच्या वेळी असं नव्हतं. चार दिवस मशीन हातात होती, मला शहाणपण दाखवायचं होतं. म्हणून दाबून कापत राहिलो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही."

बाहेरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. दोघंही रस्त्याकडे बघत बसले. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

"आईला काही सांगायचं नाही," मिस्त्री शेवटी म्हणाला.

"असं कसं? मग तुम्ही..."

"ती तुमच्या हातचं जेवते. तुम्ही कूस बदलून देता तेव्हा ती कूस बदलते. आज हे सांगितलंत तर उद्यापासून कुणाच्या हातचं जेवेल? तिला आता शेवटचे दिवस नीट जाऊ देत. माझं सोडा. मला सवय झालीय."

शेवटचं वाक्य खोटं होतं आणि वहिनीनं ते ओळखलं. पण या वेळी तिनं नुसती कानस उचलली. "मला दाखवा. कशी लावायला हवी होती ते."

त्यानं चेन शिकंज्यात सरळ केली. "तुम्ही उलटं मोजायचं. उजवीकडे पाच, डावीकडे तीन. आणि आत्ता डावे दात आखूड आहेत, तर आधी उजवे त्यांच्या बरोबरीला आणायचे. दाबायचं नाही. पुढे जाताना घासायचं, मागे येताना उचलायचं."

वहिनीनं डाव्या हातानं कानस धरली. एकेक दात घासून झाला की तो व्हर्नियर लावायचा आणि मान हलवायचा. दुकानात तेवढा एक आवाज होता. सगळे दात सारखे व्हायला दिवेलागणीची वेळ झाली. मग त्यानं मागच्या जागेत एक ओंडका ठेवला, चेन चढवून मशीनची दोरी ओढली. चौथ्या ओढीला ती खोकली, सहावीला लागली. त्यानं ओंडक्याची एक चकती कापली आणि वहिनीच्या हातात दिली. चकती दोन्ही कडांना सारखी जाड होती. वहिनीनं ती पिशवीत घातली.

"झाड पाडायला मीच येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री फाटकातून आत गेला. आईला पुढच्या खोलीत हलवलं होतं, कारण झाड कितीही नीट पाडायचं म्हटलं तरी त्याच्या सावलीत माणूस ठेवायचा नसतो. तिला कसं तयार केलं ते वहिनीनं सांगितलं नाही. मिस्त्री घरात गेला नाही. बाजूच्या वाटेनं सरळ मागे गेला. दोर त्यानं झाडाच्या वरच्या बेचक्यात अडकवला आणि दुसरं टोक पलीकडच्या जिवंत झाडाला चरखीनं ताणून बांधलं. दोरापाशी कुणालाही उभं राहू दिलं नाही. वहिनीला घराच्या पुढच्या कोपऱ्यावर, आईच्या खिडकीपाशी उभं केलं.

मशीन लागली. खाच घेताना त्याचं सगळं लक्ष हातांत होतं. मशीन ओढत नव्हती. खाच पूर्ण झाली, त्यानं वाकून आत पाहिलं, आणि मागचा काप घ्यायच्या आधी मशीन बंद केली. चेनचे दात त्यानं एकदा बोटानं चाचपून पाहिले. थांबून चेन बघायची, एवढं शहाणपण आता त्याला होतं.

शांत झालं तसा पुढच्या खिडकीतून आवाज आला. बारीक, चिरलेला, पण तोच.

"कोण कापतंय गं?"

वहिनीनं मान वळवून मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री मशीन तिथेच ठेवून खिडकीपाशी आला. आत खाटेवर आई दिसली. ती इतकी लहान झाली असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मी आहे, आई."

आईची मान भिंतीकडे होती. ती सावकाश, फार कष्टानं, खिडकीकडे वळली.

"मोठ्याची मशीन आहे ना ती? आवाज ओळखला मी." तिला धाप लागली. ती थांबली, आणि मग म्हणाली, "ओढत नाही ना आता?"

मिस्त्रीनं खिडकीचा गज धरला. वहिनीच्या तोंडातून कसलासा आवाज निघाला.

"तुला कुणी सांगितलं, ओढत होती म्हणून?"

"त्यानंच सांगितलं. दवाखान्यात." आई छताकडे बघत बोलत होती, एकेक शब्द उचलून ठेवत. "म्हणाला, आई, मशीन ओढत होती, धाकट्याला बोल लावू नको. आणि म्हणाला, धार हिनं लावली होती, ते हिला कधी कळू देऊ नको." ती पुन्हा थांबली. "तुला जवळ केलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग चूक कुणाची. हिच्या पदरात एवढंसं पोर. दोन गोष्टी सांगून गेला, मला एकच जमली."

वहिनी भिंतीला धरून खाली बसली होती. कुणी कुणाला काही कळू दिलं नव्हतं, आणि सगळ्यांना सगळं कळलं होतं. मिस्त्रीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आईनं डोळे मिटले होते. ती गेली की काय, असं एक क्षण त्याला वाटलं.

"ओढत नाही ना, विचारलं मी," आई डोळे मिटूनच म्हणाली.

"नाही, आई. सरळ जातेय."

"मग काप, बाळा. मी ऐकतेय."